खूण मधुमेहाची की गोळीची? मेटफॉर्मिन आणि आतड्यातल्या जिवाणूंचं प्रकरण

२०१२ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात चीनमधल्या शेन्झेनच्या बीजीआय या संस्थेचा एक शोधनिबंध आला. ३४५ चिनी लोकांच्या विष्ठेच्या नमुन्यांतला जिवाणूंचा डीएनए वाचून काढला होता आणि टाइप २ मधुमेहाशी जोडलेल्या सुमारे ६०,००० जनुकीय खुणा त्यात सापडल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्याच साप्ताहिकात स्वीडनच्या गोथेनबर्गहून दुसरा निबंध आला. तिथे सत्तर वर्षांच्या १४५ स्त्रिया होत्या. ५३ जणींना मधुमेह, ४९ जणींची साखर काठावर, ४३ जणींची व्यवस्थित. तंत्र साधारण तेच आणि प्रश्नही तोच: मधुमेह्याच्या आतड्यातले जिवाणू निरोगी माणसापेक्षा वेगळे असतात का? दोन्हीकडे उत्तर ‘हो’ आलं. पण कोणते जिवाणू वाढतात आणि कोणते घटतात, यावर दोघांचं जमेना.

हा वाद पुढे कसा सुटला, ते सांगण्यासारखं आहे. आतड्यातले जिवाणू आणि साखर यांच्याबद्दल आज जे ठामपणे बोललं जातं, त्यातलं किती टिकतं हे या एका प्रकरणावरून चांगलं कळतं.

जिवाणूंकडे संशयाची सुई वळली ती उंदरांमुळे. २००४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले गेले. दोन आठवड्यांत त्या उंदरांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आणि इन्सुलिनला दाद देणं कमी झालं. खाणं उलट कमी झालं होतं. त्या निबंधाचे पहिले लेखक फ्रेडरिक बेकहेड. पुढे ते गोथेनबर्गला गेले आणि या प्रकरणात ते पुन्हा पुन्हा भेटतात.

उंदरात दिसलं ते माणसात दिसतं का, हे पाहायला हे दोन मोठे अभ्यास झाले. एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: मधुमेह्यांमध्ये ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू कमी दिसतात. आपल्याला न पचणारा तंतुमय भाग हे जिवाणू मोठ्या आतड्यात आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं छोटं मेदाम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या आतल्या थरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. त्यांचं पोषण नीट झालं की आतड्याचं अस्तर घट्ट राहतं आणि जिवाणूंच्या कवचाचे दाहकारक तुकडे रक्तात झिरपत नाहीत. शिवाय अशी छोटी मेदाम्लं आतड्यातल्या काही पेशींना जीएलपी-१ हे संप्रेरक सोडायला लावतात. हल्ली वजन आणि साखर कमी करणारी जी महागडी इंजेक्शनं गाजताहेत, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात.

बाकी यादी मात्र जुळत नव्हती. चिनी अभ्यासात मधुमेह्यांमध्ये संधी मिळताच उपद्रव देणारे जिवाणू वाढलेले दिसले. अ‍ॅकरमन्सियाही जास्त दिसला, आणि याच जिवाणूमुळे उंदरांचा चयापचय सुधारतो असं बेल्जियममधले संशोधक त्याच सुमारास सांगत होते. स्वीडनमध्ये वाढलेला दिसला तो लॅक्टोबॅसिलस. तो जितका जास्त, तितकी उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखरही जास्त. लॅक्टोबॅसिलस म्हणजे आपल्या दह्याताकातल्या जिवाणूंचा गोतावळा. ‘दह्याने शुगर वाढते, स्वीडनच्या शास्त्रज्ञांचा दावा’ असा संदेश तेव्हा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला नाही, हे आपलं नशीब.

गोथेनबर्गच्या मंडळींनी आणखी एक गोष्ट करून पाहिली. आपल्या नमुन्यांवरून मधुमेह ओळखणारं गणिती सूत्र त्यांनी चिनी नमुन्यांना लावलं. ते नीट चालेना, कारण दोन्हीकडे ओळखीच्या खुणाच निराळ्या होत्या. याची कारणं सांगणं सोपं होतं. आहार वेगळा, वय वेगळं, एकीकडे फक्त बायका, शिवाय नमुन्यातून डीएनए काढायची रीत प्रयोगशाळेगणिक बदलते. ही सगळी कारणं खरीच आहेत. म्हणूनच ‘देश वेगळा, जिवाणू वेगळे’ म्हणून विषय तिथेच थांबला असता तरी कुणाला वावगं वाटलं नसतं.

पण मधुमेही माणूस आणि निरोगी माणूस यांच्यात साखरेखेरीज आणखी एक ढळढळीत फरक असतो. मधुमेही माणूस गोळ्या घेत असतो.

मेटफॉर्मिन ही जगात बहुतेक ठिकाणी मधुमेहाची पहिली गोळी. गालेगा नावाची एक युरोपीय वनस्पती पूर्वी औषधात वापरत. तिच्यातल्या साखर उतरवणाऱ्या द्रव्याच्या कुळातलं हे औषध. ते १९२२ साली डब्लिनमध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ साली पॅरिसमध्ये जाँ स्टर्न यांनी मधुमेह्यांवरच्या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत मान्यता मिळायला १९९४ उजाडलं. हे औषध यकृतातून साखर बाहेर पडणं कमी करतं, असं बहुतेक पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण त्याने सगळा हिशेब लागत नाही. गिळलेल्या मात्रेपैकी निम्मी-अधिक रक्तात जाते आणि लघवीतून जशीच्या तशी बाहेर पडते. उरलेली आतड्यातच राहते. आतड्याच्या अस्तरात या औषधाचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा ३० ते ३०० पट असतं. कर्करोगासाठी पेट स्कॅन करणारे डॉक्टर मेटफॉर्मिन दोन दिवस आधी बंद करायला सांगतात ते याचमुळे. गोळी चालू असली की आतडं इतकी साखर ओढून घेतं की स्कॅनमध्ये ते उजळून निघतं आणि गाठ असेल तर ती झाकली जाते. २०१६ साली एका चाचणीत गोळी मुद्दाम अशी बनवली होती की ती आतड्याच्या खालच्या भागातच विरघळावी. रक्तात औषध फार कमी पोचलं, तरी साखर चांगली उतरली.

म्हणजे इतकं औषध दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं, नेमकं जिवाणूंच्या वस्तीत जाऊन पडतं. नमुने घेताना त्याची वेगळी नोंद ठेवून हिशेब न करणं म्हणजे दवाखान्याभोवती औषधांची दुकानं दिसतात म्हणून दुकानांमुळेच लोक आजारी पडतात असं समजण्यासारखं होतं.

डिसेंबर २०१५ मध्ये ‘नेचर’मध्येच याचा उलगडा आला. कोपनहेगनचे ओलुफ पेडरसन, हायडेलबर्गच्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतले पेअर बोर्क आणि त्यांचे सहकारी यांनी चिनी आणि स्वीडिश नमुने घेतले, त्यात डेन्मार्कचे नमुने घातले आणि एकूण ७८४ जणांचा जिवाणू-डीएनए पुन्हा तपासला. निबंधाचे पहिले लेखक क्रिस्टॉफर फोर्सलुंड. त्यांनी केलेली गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते. टाइप २ च्या १९९ रुग्णांचे त्यांनी दोन गट पाडले: मेटफॉर्मिन घेणारे ९३ आणि न घेणारे १०६.

हेच आकडे देशवार मांडले की गाठ कुठे बसली होती ते दिसतं. डेन्मार्कच्या ७५ रुग्णांपैकी ५८ जण मेटफॉर्मिनवर होते. स्वीडनच्या ५३ पैकी २०. चीनच्या ७१ पैकी फक्त १५. म्हणजे ‘मधुमेही’ या एका शिक्क्याखाली डेन्मार्कमध्ये बहुतांश गोळी घेणारे होते, तर चीनमध्ये बहुतांश न घेणारे. असे गट एकमेकांसमोर ठेवले तर यादी जुळणार कशी? संशोधक एकाच रोगाचे दोन फोटो ताडून पाहत होते आणि प्रत्येक फोटोत गोळीचा रंग कमीजास्त मिसळलेला होता.

गट वेगळे केल्यावर चित्र पालटलं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत एशेरिकिया हा जिवाणू वाढलेला आणि इंटेस्टिनिबॅक्टर हा घटलेला दिसला. हा ठसा गोळीचा होता, रोगाचा नव्हता. स्वीडनमधला तो बदनाम लॅक्टोबॅसिलस? मेटफॉर्मिनचा हिशेब धरल्यावर त्याची वाढ नाहीशी झाली, काही ठिकाणी उलटीच झाली. साखर जास्त असलेल्यांत लॅक्टोबॅसिलस जास्त दिसत होता, कारण तेच लोक गोळी घेत होते.

शिल्लक काय राहिलं? गोळी न घेणाऱ्या मधुमेह्यांतही ब्युटिरेट करणारे जिवाणू, रोझबुरियासारखे, कमीच होते, आणि तेही तिन्ही देशांत. ज्या मुद्द्यावर पहिल्या दोन अभ्यासांचं एकमत होतं, नेमका तोच टिकला. माझ्या मते या निबंधाचं खरं मोल इथे आहे. जुन्या दाव्यांवर सरसकट काट न मारता कोणता दावा रोगाचा आणि कोणता औषधाचा, एवढं त्याने वेगळं करून दाखवलं. दुसरी एक बाबही त्यात होती. गोळी घेणाऱ्यांच्या जिवाणूंमध्ये ब्युटिरेट आणि त्याच्यासारखंच दुसरं छोटं मेदाम्ल, प्रोपियोनेट, तयार करायची क्षमता वाढलेली दिसली. रोगाने जे हिरावलं त्यातला काही भाग गोळी भरून काढत असावी, असा त्याचा अर्थ निघत होता. त्याचबरोबर वायू आणि दाहकारक घटक तयार करणारी जनुकंही वाढलेली होती. मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात ही तक्रार डॉक्टरांना रोजची आहे. तिचा एक धागा इथे सापडतो.

तरी या पुराव्यात एक फट होतीच. हे सगळे नमुने एकदाच घेतलेले होते. कुणी म्हणू शकत होतं की मेटफॉर्मिन घेणारे लोक जास्त दिवसांचे रुग्ण असतील, त्यांचा आहार बदललेला असेल, डॉक्टरांकडे त्यांच्या फेऱ्या जास्त होत असतील. यावर उपाय एकच: ज्यांनी अजून एकही गोळी घेतलेली नाही असे रुग्ण घ्यायचे, निम्म्यांना मेटफॉर्मिन द्यायचं, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यायची आणि काय होतं ते पाहायचं.

बेकहेड आणि स्पेनमधल्या खिरोनाचे होसे मानुएल फर्नांदेस-रिआल यांनी ते केलं आणि २०१७ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापलं. नव्याने निदान झालेले ४० रुग्ण होते. २२ जणांना खरी गोळी, १८ जणांना पोकळ गोळी, आणि दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा आहार. वजन दोन्हीकडे उतरलं, पण सरासरी साखर लक्षणीय उतरली ती फक्त मेटफॉर्मिनच्या गटात. जिवाणूंचं काय झालं? मेटफॉर्मिनच्या गटात दोन महिन्यांतच ऐंशीच्या वर प्रकारांचं प्रमाण बदललं. पोकळ गोळीच्या गटात जवळजवळ काही हललं नाही. पुढे त्या गटातल्या १३ जणांना खरी गोळी सुरू केली, तेव्हा त्यांच्यातही तसेच बदल दिसले. आता जास्त दिवसांचे रुग्ण, वेगळा आहार वगैरे शंकांना जागा राहिली नाही.

आणि मग या प्रकरणाने वळण घेतलं. काही रुग्णांची औषधाआधीची आणि चार महिन्यांनंतरची विष्ठा जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडली गेली. उंदरांना चरबीयुक्त खाणं चालू होतं, मेटफॉर्मिनचा कणही दिलेला नव्हता. तरीही औषधानंतरचे जिवाणू मिळालेल्या उंदरांनी साखर जास्त चांगली हाताळली. म्हणजे हिशेब बिघडवणारी अडचण म्हणून जी गोष्ट बाजूला काढली होती, ती औषधाच्या कामाचाच एक भाग निघाली. मेटफॉर्मिन जिवाणू बदलतं आणि त्या बदललेल्या जिवाणूंमुळेही थोडी साखर उतरते. बायफिडोबॅक्टेरियम अ‍ॅडोलेसेन्टिस हा जिवाणू तर काचेच्या नळीत, माणसाच्या शरीराबाहेरही, मेटफॉर्मिन मिळाल्यावर जोमाने वाढला.

हा परिणाम किती लवकर होतो, त्याचं उत्तर पुढच्या वर्षी बीजिंगहून आलं. तिथे नवीन रुग्णांना फक्त तीन दिवस मेटफॉर्मिन दिलं होतं. तेवढ्यात बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा जिवाणू घटला. एरवी तो ज्या पित्ताम्लाचं विघटन करतो, ते त्यामुळे आतड्यात साठलं. या पित्ताम्लाने आतड्याच्या भिंतीतलं एफएक्सआर नावाचं ग्राहक-प्रथिन बंद पाडलं आणि साखर हाताळणं सुधारलं. म्हणजे वाट एक नसून किमान दोन आहेत: एक छोट्या मेदाम्लांची, दुसरी पित्ताची. यकृतावरचा थेट परिणाम वेगळाच.

इथवर आल्यावर वाचकाला वाटेल की जिवाणूंनी मधुमेह होतो हे तर सिद्धच झालं. नाही झालं. २०१८ साली डेन्मार्कच्या गटाने साखर काठावर असलेले, मधुमेहाचं औषध न घेणारे १३४ लोक आणि तितकेच निरोगी लोक तपासले. फरक दिसले: क्लॉस्ट्रिडियम कमी, अ‍ॅकरमन्सियाही कमी. पण या लोकांची, आणि पक्का मधुमेह असलेल्यांचीही, विष्ठा उंदरांमध्ये सोडल्यावर उंदरांची साखर बिघडली नाही. हा निकाल लोकांसाठी लिहिलेल्या लेखांत क्वचितच सापडतो. बिघडलेले जिवाणू दिले आणि मधुमेह झाला, अशी गोष्ट सांगायला रंगतदार असते. ती फसली तर सांगायला कुणाला हौस नसते.

कारण आणि परिणाम यांची दिशा ओळखायचा दुसरा मार्ग म्हणजे जन्मजात जनुकं, कारण ती गोळीने किंवा आहाराने बदलत नाहीत. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी २०१९ साली हे तंत्र वापरलं. ज्यांच्या जनुकांमुळे आतड्यात ब्युटिरेट जास्त तयार होण्याकडे कल असतो, त्यांचं इन्सुलिन साखर प्यायल्यावर चांगली साथ देतं असं त्यांना दिसलं. ब्युटिरेटच्या बाजूचा हा आतापर्यंतचा भक्कम पुरावा. पण त्याच अभ्यासात प्रोपियोनेट तयार होण्यातला किंवा शोषलं जाण्यातला बिघाड मधुमेहाचा धोका वाढवताना दिसला, आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते तयार करायची क्षमता वाढते हे आपण वर पाहिलंच. हिशेब सगळा एका बाजूला झुकत नाही.

आता आपल्याकडे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून जास्त लोक काठावर. त्यांच्या आतड्यांचा युरोपीय यादीवरून अंदाज बांधता येत नाही. भाकरी, डाळी, दही-ताक आणि लहानपणापासून झालेले जंतुसंसर्ग यांनी घडलेली ही आतडी आहेत. पुण्यातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या संशोधकांनी २०१७ साली भारतीय मधुमेह्यांच्या जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निरोगी लोकांबरोबर मधुमेह्यांचे दोन वेगळे गट ठेवले होते: नुकतंच निदान झालेले, गोळी न घेतलेले, आणि उपचार चालू असलेले. २०१५ च्या धड्यानंतर अशी मांडणी अपरिहार्यच होती. ती नसती तर पुण्याच्या आकड्यांत पुन्हा रोग आणि गोळी एकत्र कालवले गेले असते.

आपल्याकडे हे वेगळं करणं मात्र डेन्मार्कपेक्षा अवघड आहे. तिथे कुणाला कोणतं औषध मिळालं याची सरकारी नोंद असते. इथे एकाच गोळीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि कधी व्होग्लिबोजही असतं, आणि अर्जावर रुग्ण लिहितो ‘शुगरची गोळी’. व्होग्लिबोज पिष्ट पचू देत नाही, त्यामुळे न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंचं खाद्य होतं. म्हणजे तोही जिवाणू बदलू शकतो. सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल, रात्री इसबगोल किंवा दुसरं रेचक, आणि मध्ये कधी घसा धरला म्हणून मेडिकलवाल्याने दिलेलं प्रतिजैविक. नेदरलँड्समध्ये २०२० साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४१ प्रकारची औषधं पाहिली. आतड्यातल्या जिवाणूंवर सगळ्यात ठळक ठसा दिसला तो अ‍ॅसिडिटीच्या याच प्रकारच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, प्रतिजैविकं आणि रेचकं यांचा. साठीतल्या कुठल्याही मधुमेह्याच्या औषधांच्या डब्यात यातली दोन-तीन तरी असतातच. त्याआधी, २०१८ साली, हायडेलबर्गमध्ये हजारावर औषधं आतड्यातल्या ४० जिवाणूंवर नळीत तपासली होती. प्रतिजैविक नसलेल्या, माणसाच्या पेशींसाठी बनवलेल्या औषधांपैकी २४ टक्के औषधांनी निदान एका तरी जिवाणूची वाढ रोखली.

घरी डबी पाठवून नमुना मागवणाऱ्या आणि ‘तुमच्या आतड्याचा गुणांक’ कळवणाऱ्या चाचण्या आता शहरांत सहज मिळतात. अहवालात एशेरिकिया लाल रंगात येतो, सोबत आहाराचा तक्ता आणि कॅप्सूलची शिफारस. मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाच्या अहवालात तो लाल रंग बऱ्याचदा डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचा असू शकतो आणि ती गोळी आपलं काम नीट करत असते. अशा अहवालावरून गोळी बंद करणं धोक्याचं. पोट बिघडत असेल तर मात्रा हळूहळू वाढवणं, जेवणासोबत घेणं, सावकाश विरघळणारी गोळी मागणं हे मार्ग डॉक्टरांकडे आहेत, आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी१२ ची पातळी अधूनमधून तपासून घ्यावी.

संशोधकांपुढची अडचण अजून तशीच आहे. गोळीशिवायचा मधुमेह तपासायचा तर निदान आणि पहिली गोळी यांच्यामधल्या काही दिवसांत नमुना मिळायला हवा. आपल्याकडे बहुतेक वेळा रिपोर्ट हातात पडतो त्याच संध्याकाळी गोळी सुरू होते, आणि काठावरच्या साखरेलाही अनेक डॉक्टर मेटफॉर्मिनच लिहून देतात.